मॉरिशसचे मूळचे पक्षी कुठे दिसतात?

प्रश्न : मॉरिशसमध्ये व्हाकवा येथे स्थायिक झालेल्या मावसबहिणीकडे मी मे महिन्यात दहा दिवस राहिले. दुर्बीण आवर्जून नेली होती. पण रोज दिसल्या त्या साळुंक्या, शिपाई बुलबुल, पोपट आणि होले, म्हणजे आमच्या सोसायटीत दिसणारेच पक्षी. त्या बेटाचे स्वतःचे पक्षी उरलेच नाहीत का? तिथल्या गुलाबी कबुतरांना माणसे दाणे घालतात असेही ऐकले. मग त्यांना वन्य कसे म्हणायचे?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आपण पाहिलेले पक्षी माणसाने बाहेरून आणलेले आहेत आणि वस्ती, बागा व उसाची शेते यांत तेच सुखाने नांदतात. मूळच्या पक्ष्यांपैकी राखी चष्मेवाला तेवढा घराच्या अंगणातही भेटतो. बाकीच्यांना जंगल लागते, आणि चांगल्या स्थितीतले मूळचे जंगल आता बेटाच्या दोन टक्क्यांहूनही कमी उरले आहे. ज्या उसासाठी आपल्या माणसांना गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, तिकडे नेले गेले, त्याच उसाने ते बरेचसे गिळले. उरलेल्यात चिनी पेरूची दाटी झाली, आणि उंदीर, माकडे, मुंगूस व मांजरे घरट्यांवर टपलेली असतात.

तरीही डोडोची गत सर्वांची झाली नाही. 1974 साली मॉरिशस केस्ट्रेलचे, म्हणजे आपल्या खरूची ससाण्याच्या या भाऊबंदाचे, रानात केवळ चार पक्षी ठाऊक होते. हा छोटा शिकारी मुख्यतः झाडावरच्या हिरव्या पाली खातो. तरी स्थानिक बोलीत त्याला ‘कोंबड्या खाणारा’ म्हणत आणि त्या बदनामीपायी गोळ्याही घालत. मलेरियासाठी फवारलेल्या डीडीटीनेही त्याचे नुकसान केले. 1979 मध्ये तिथे गेलेले जीवशास्त्रज्ञ कार्ल जोन्स यांनी एक साधी गोष्ट हेरली: पहिली अंडी काढून घेतली, तर मादी पुन्हा अंडी घालते. काढलेली अंडी यंत्रात उबवून, पिल्ले वाढवून रानात सोडली गेली आणि संख्या काही शेकड्यांवर गेली. पुढे काही भागांत ती पुन्हा घसरू लागल्याने 2014 मध्ये या पक्ष्याची नोंद परत ‘संकटग्रस्त’ गटात झाली. यशाच्या कथा सांगताना हा उत्तरार्ध बहुधा गाळला जातो.

गुलाबी कबुतरे 1990च्या सुमारास रानात जेमतेम दहा होती, आज सुमारे पाचशे आहेत. त्यांना दाणे घालतात हे खरे आहे, कारण विरळ झालेल्या जंगलात वर्षभर पुरेल इतकी फळे, फुले आणि कोवळी पाने मिळत नाहीत. पण ती जोडीदार स्वतः निवडतात, घरटी स्वतः बांधतात, पिल्ले स्वतः वाढवतात. माझ्या मते त्यांना वन्य म्हणायला हरकत नाही. हरकत घ्यायचीच असेल तर ती जंगलाच्या अवस्थेवर घ्यावी.

पुढच्या खेपेला ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानात पहाटे जावे आणि एक सकाळ इल ओ-एग्रेत बेटासाठी राखावी. माएबुरजवळच्या किनाऱ्यावरून होडीने तिथे नेतात आणि वाटाड्याशिवाय फिरता येत नाही. अवघ्या 26 हेक्टरच्या या बेटावरून उंदीर व मांजरे हटवल्यामुळे गुलाबी कबूतर, मॉरिशस फोडी (सुगरणीच्या कुळातला छोटा पक्षी) आणि अतिदुर्मिळ ऑलिव्ह चष्मेवाला असे तिघेही तिथे सोडता आले. शक्यतो सप्टेंबर ते फेब्रुवारी या काळात जावे. दक्षिण गोलार्धातला हा विणीचा हंगाम असून तेव्हा फोडी नराचे डोके लालबुंद होते. मादागास्करहून आलेला दुसरा फोडी जवळजवळ सर्वांगाने लाल दिसतो. त्याला पाहून फसू नये.

प्रश्न : मॉरिशसच्या किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडांवर पोपटांचा थवा टिपला आहे. त्यातला एखादा दुर्मिळ ‘एको’ पोपट असू शकेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तशी आशा फार नाही. एको हा मॉरिशसचा मूळचा पोपट ब्लॅक रिव्हरच्या जुन्या वृक्षांच्या ढोलीत राहतो आणि किनाऱ्यावरचे थवे बहुधा आपल्याच पोपटाचे, पिंजऱ्यातून सुटलेल्यांच्या वंशजांचे असतात. छायाचित्र मोठे करून चोची पाहा. आपल्या पोपटात नर-मादी दोघांची चोच लाल असते, एको मादीची मात्र काळी. शिवाय एको अंगाने भरलेला, गडद हिरवा आणि आखूड शेपटीचा असतो. सगळ्या चोची लाल आणि शेपट्या लांब असतील, तर तो थवा आपल्याकडचाच समजावा.