देवगिरी चढायचा, पण कधी?

प्रश्न : मी रत्नागिरीचा. मॅरेथॉनची तयारी चालू आहे. डिसेंबरात कामानिमित्त आठवडाभर छत्रपती संभाजीनगरला येतोय. सराव न मोडता वेरूळ, दौलताबाद कसं पाहू?

उत्तर : पहाटे विद्यापीठाच्या परिसरात पळा. झाडी आहे, वाहनं कमी. चढ हवा असेल तर बीबी का मकबऱ्याच्या मागे औरंगाबाद लेण्यांकडे जाणारा रस्ता घ्या. तुम्ही दमट हवेतले. इथल्या कोरड्या थंडीत घाम अंगावरच वाळतो आणि पाणी कमी पडतंय हे लक्षातच येत नाही. तहान लागायची वाट पाहू नका.

लांब पल्ल्याच्या धावेच्या आदल्या दिवशी मात्र देवगिरी, म्हणजे दौलताबादचा किल्ला, चढू नका, ही कळकळीची विनंती. चढताना काही वाटत नाही, उतरताना मांड्या भरून येतात. अंधारीत, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेत, तर पायऱ्या उंचसखल, पाऊल चाचपतच टाकावं लागतं. तिथे पाय मुरगळला की तयारी वाया. लांब धाव उरकून, मध्ये एक दिवस सोडून जा.

वेरूळ विश्रांतीच्या दिवशी. मंगळवारी लेणी बंद असतात. सगळी ३४ एका दमात नकोत; वरून खाली कोरत आणलेल्या कैलासालाच, म्हणजे १६ व्या लेण्याला, अख्खी सकाळ द्या. नान-खलिया, म्हणजे इथला नान आणि मटणाचा रस्सा, जरूर खा, पण लांब धाव झाल्यावर.