जागा निघेपर्यंत पक्षी बघायचेच नाहीत का?

मुलुंडहून एका मैत्रिणीचं पत्र आलंय, नाव छापू नका म्हणालीये. थोडक्यात असं आहे: वय ३४, इतिहासात पीएचडी, सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा झालेली, दोन कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवते, सकाळी एक आणि दुपारी दुसरं. पाच वर्षं झाली कायम जागेसाठी अर्ज करतेय. सासरे म्हणतात नोकरी लागेपर्यंत छंद-बिंद बंद, म्हणून रविवारी पक्षी बघायला जाणं तिनं सोडलं. रात्री झोप लागत नाही, मग दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइलवर सिरीज, रील्स आणि भरतीच्या बातम्या. 'ताई, नोकरी नसताना छंदाला वेळ देणं हा स्वार्थ आहे का?' असं विचारलंय.

अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिली तीन पानं जाहिराती, आरक्षणाचं रोस्टर, मुलाखती, आणि प्रत्येक वाक्य दमलेलं. मग शेवटच्या पानावर तू भांडुप पंपिंग स्टेशनची, म्हणजे जिथे तू पक्षी बघायला जायचीस तिथली, जुनी वही काढून त्यातली एक नोंद उतरवलीस, 'ओहोटी, चिखल उघडा, शेकाट्या चाळीसेक, खंड्या परत त्याच वाकलेल्या तिवरावर', आणि तिथे तुझा सूरच बदलला गं. 'परत त्याच' हे दोन शब्द वाचून मला कळलं की ही बाई बारीक लक्ष ठेवणारी आहे, मागच्या खेपेचं आठवून आजचं लिहिणारी आहे, आणि हेच काम ती दप्तरखान्यात बसून पण करत असणार.

स्वार्थबिर्थ काही नाही. उलट जे बंद करायचं ते तू चालू ठेवलंस आणि चालू ठेवायचं ते बंद केलंस. रविवारची सकाळ गेली, ती अभ्यासाला मिळाली का? तूच लिहिलंयस की रविवारी उशिरा उठते आणि डोकं जड असतं. म्हणजे छंद सोडून हातात काहीच आलं नाही, तो वेळ रात्रीच्या मोबाइलनेच खाल्ला. सिरीज बघू नकोस असं मी म्हणणार नाही, एखादी चांगली सिरीज नवऱ्याबरोबर बसून बघणं, त्यावर भांडणं, ह्यात मजा असते, पण तू लिहितेस की सकाळी आठवतसुद्धा नाही काय बघितलं. मग ते बघणं कसलं, ती नुसती काळजी पुढे ढकलणं झालं.

आता भरतीच्या बातम्यांबद्दल. चॅनेलवर खाली पट्टी फिरली 'प्राध्यापक भरती लवकरच' की आई फोन करते, मावशी व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड करते आणि तुझी रात्र जाते. पण बातमी आणि जागा ह्यांच्यात किती काय असतं हे तुला माझ्याहून जास्त माहितीये, सरकारची मान्यता, मग बिंदुनामावली, म्हणजे तेच आरक्षणाचं रोस्टर, तपासून घेणं, ना-हरकत प्रमाणपत्र, विद्यापीठाकडून जाहिरात मंजूर करून घेणं, मग पेपरात जाहिरात, छाननी, मुलाखत, आणि ह्यातलं एक जरी अडलं तरी महिने जातात. बातमी ऐकून तुला करण्यासारखं काही नसतं, जाहिरात आली की असतं. म्हणून आठवड्यातली एक दुपार ठरव, तेव्हाच विद्यापीठाची वेबसाइट आणि पेपर बघायचे, बाकी सहा दिवस नाही. आईला पण सांग, प्रेमाने, की बातमी नको, जाहिरात दिसली तर फोटो पाठव.

पात्रतेची चिंता तर सोडूनच दे. १ जुलै २०२३ पासून सहाय्यक प्राध्यापकासाठी नेट किंवा सेट ही किमान पात्रता आहे, पीएचडी ऐच्छिक, तुझ्याकडे सेट पण आहे आणि पीएचडी पण. खरी कमी दिसते ती लेखांची. प्रबंधातल्या चाळींच्या प्रकरणाचा एक नीट लेख कर, आणि पैसे घेऊन आठवड्यात छापून देणाऱ्या 'आंतरराष्ट्रीय' जर्नलांपासून लांब राहा, विशेषतः आता, कारण विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) मान्य जर्नलांची 'केअर' यादी २०२५ मध्ये बंद झाली आणि पारख आपली आपणच करायची आहे.

पक्षितज्ज्ञ सलीम अलींचं तुला माहीत असेल. मुंबईच्या म्युझियममध्ये गाइड लेक्चरर होते, जर्मनीत शिकून १९३० च्या सुमारास परत आले तर पैसे नाहीत म्हणून ती जागाच रद्द झालेली. दुसरी नोकरी मिळेना, मग अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले आणि तिथे सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला, जो पुढे गाजला. तुझ्या डोक्यावर घराचा हप्ता आहे, तू काही किहीमला जाऊन राहू शकत नाहीस, ते मला कळतंय. पण नोकरी नसतानाच्या काळात त्यांची नजर शाबूत राहिली ती रोज पक्षी बघत राहिल्यामुळे, एवढं तरी त्यातून घे. आणि कृपा करून भांडुपच्या मिठागरांवर लगेच पेपर लिहायला घेऊ नकोस हं. इतिहासवाली आहेस, डोक्यात येणारच. एक सकाळ अशी असू दे जिचा सीव्हीला काही उपयोग नाही.

मुलाखतीत छंद विचारल्यावर तू 'वाचन' म्हणालीस आणि गप्प झालीस. पुढच्या वेळी खंड्याबद्दल सांग, दोन मिनिटं, वर्गात सांगतेस तसं. समोरच्यांना तू शिकवतेस कशी हे त्यातच दिसेल.

पैशांचं मात्र नवऱ्याबरोबर बसून लिहून काढ. मे महिन्यात तास नाहीत म्हणजे मानधन नाही, आणि बाकीचं पण उशिराच येतं, तर अजून किती वर्षं हे झेपेल ते दोघांनी ठरवा आणि तोपर्यंत म्युझियम, प्रकाशन, संपादन इथेही अर्ज चालू ठेव. सासऱ्यांशी तू वाद घालू नकोस, त्यांच्या मुलाला बोलू दे.

आणि ते जे तू ओझरतं लिहिलंयस, एका ठिकाणी 'देणगी'चं सुचवलं म्हणून, तिथे सरळ नाही म्हण. कर्ज काढून, दागिने मोडून तर अजिबात नाही. फोन आला तर तारीख, वेळ, काय बोलले ते त्याच दिवशी लिहून ठेव. अनुदानित कॉलेजमधल्या कुणी पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे तक्रार करता येते, टोल फ्री नंबर १०६४.