वेबिनार चालवून द्यायचा व्यवसाय: वाचकांचे प्रश्न

नाशिक: द्राक्ष बागायतदारांसाठी ऑक्टोबर छाटणीवर वेबिनार चालवून द्यायचं काम एका कंपनीकडून मिळतंय. ३०० ते ४०० शेतकरी येतील. माझ्याकडे झूमचा १०० जणांचा प्रो प्लॅन आहे. मोठा वार्षिक प्लॅन घेऊ का?

नको. पहिल्या दोन-तीन ग्राहकांआधी वार्षिक प्लॅन घेणं हा या धंद्यातला नेहमीचा खड्डा आहे. छाटणीचा हंगाम सरला की तो प्लॅन पडून राहतो.

तुमचं काम आहे त्याच प्लॅनमध्ये भागेल. झूमवर फक्त वक्ते, सूत्रसंचालक आणि तुम्ही राहा. तिथून यूट्यूबवर 'अनलिस्टेड' (फक्त लिंक असलेल्यालाच दिसणारं) थेट प्रक्षेपण करा आणि शेतकऱ्यांना व्हॉट्सॲपवर यूट्यूबची लिंक द्या. शेतकऱ्याला नवं ॲप उतरवावं लागत नाही आणि रेंज कमी असली तर चित्र आपोआप हलकं होतं. दोन गोष्टी सांभाळा. चॅनेलवर थेट प्रक्षेपण पहिल्यांदा सुरू करायला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो, म्हणून ते आदल्या आठवड्यातच उरका. आणि प्रक्षेपण काही सेकंद मागे चालतं, त्यामुळे "आता विचारा" म्हटल्याबरोबर प्रश्न येत नाहीत. सूत्रसंचालकाकडे मधल्या वेळेसाठी आधी आलेले चार-पाच प्रश्न असू द्या.

शुल्क घेऊन ठेवलेल्या वेबिनारला मात्र हा मार्ग चालणार नाही. अनलिस्टेड लिंक कोणीही पुढे ढकलतो. तिथे नावनोंदणीसह झूमचा वेबिनार परवानाच हवा, तोही महिन्यापुरता.

कोल्हापूर: एका वेबिनारचे किती घ्यावेत? इथे लोक "लिंकच तर बनवायची" म्हणतात.

मग लिंकचे पैसे मागूच नका. ग्राहक पैसे देतो ते त्या दीड तासात काही बिघडलं तर निस्तरायला तुम्ही बसला आहात म्हणून. कोटेशनमध्ये ते कामांनुसार दिसलं पाहिजे.

दीड तासाच्या वेबिनारला तुमचे साधारण ९ तास जातात: ग्राहकाशी बोलणं १, नोंदणीचा फॉर्म आणि संदेश २, तालीम १, प्रत्यक्ष दिवशी ३, रेकॉर्डिंग कापून अहवाल देणं २. कामातल्या जोडीदाराचे ४ धरा. तासाला ४०० रुपये लावले तर १३ तासांचे ५,२०० होतात. परवाना, दोन इंटरनेट जोडण्या, साठवण, उपकरणांची झीज मिळून महिन्याचा खर्च समजा १६,००० आणि कामं चार, तर प्रत्येकावर ४,००० बसतात. एकूण ९,२००. त्यावर ३० टक्के नफा धरला की सुमारे १२,०००. जीएसटीची नोंदणी असेल तर तो कर वेगळा. आकडे तुमचे घाला, पण मांडणी हीच ठेवा. महिन्याला आठ कामं झाली की प्रत्येक कामावर बसणारा हा स्थिर खर्च निम्म्यावर येतो. नफा खरा तिथून सुटायला लागतो. म्हणून एकेका कामापेक्षा महिन्याला दोन वेबिनार ठेवणारी संघटना किंवा क्लास धरा, दर थोडा उतरवावा लागला तरी.

निम्मी रक्कम आगाऊ, उरलेली रेकॉर्डिंग हातात द्यायच्या आधी. तालमीला वक्ता आला नाही तर जबाबदारी कोणाची, हे कोटेशनमध्येच लिहा.

सांगली: ऐनवेळी काय काय बिघडतं? तयारी कशी ठेवावी?

सगळ्यात जास्त बिघडतो तो आवाज. चित्र अडकलं तर लोक थांबतात, आवाज फाटला की उठून जातात. वक्ता लॅपटॉपवर असतो आणि शेजारी मोबाइलवर तोच कार्यक्रम चालू ठेवतो. मग आवाज घुमतो. तालमीतच मोबाइल बाजूला ठेवायला सांगा. डोक्यावरचा पंखा बंद आणि कॉलरला लावायचा वायरचा माइक, एवढ्याने निम्मं काम होतं. वक्ता व्हिडिओ दाखवणार असेल तर स्क्रीन शेअर करताना आवाज शेअर करण्याची खूण केली आहे ना ते बघा, नाहीतर चित्र मुकं जातं.

दुसरा घोटाळा लिंकचा. वेबिनारमध्ये वक्त्याला जाणारी लिंक त्याची स्वतःची असते. त्याने ती कौतुकाने कॉलेजच्या ग्रुपवर टाकली की तिथून येणारा प्रत्येकजण वक्त्याच्याच नावाने मंचावर उगवतो. वक्त्याला दोन वेगळे संदेश पाठवा: एक "फक्त तुमच्यासाठी", दुसरा "लोकांना पाठवा".

वीज गेली तर इन्व्हर्टरवर लॅपटॉप चालतो, पण राउटर आणि फायबरचा डबा विसरला जातो. दोन्हींना छोटा यूपीएस लावा. ७२० पिक्सेलच्या प्रक्षेपणाला ३ ते ४ एमबीपीएस लागतात, तेव्हा अपलोडचा वेग किमान दुप्पट हवा. कंपनी जाहिरातीत डाउनलोडचा आकडा सांगते, अपलोड स्वतः मोजा. जोडीदाराला सहयजमान (को-होस्ट) करा, पण दुसऱ्या घरी, दुसऱ्या कंपनीच्या नेटवर बसवा. एकाच खोलीतले दोघे एकदमच जातात. रेकॉर्डिंग क्लाउडवर आणि संगणकावर दोन्हीकडे घ्या.

मध्यंतरात फिल्मी गाणी लावू नका. यूट्यूब हक्काच्या दाव्यावरून प्रक्षेपण थांबवू शकतं.

पुणे: नोंदणी भरपूर होते, लोक येत नाहीत. ग्राहक आम्हालाच धरतो.

कोटेशनमध्ये उपस्थितीची हमी देऊ नका, आठवणीच्या संदेशांची द्या: आदल्या दिवशी, तासभर आधी, सुरू व्हायच्या १० मिनिटे आधी. तिन्हींत लिंक हवीच. फुकटाऐवजी ४९ रुपये ठेवले तर नोंदणी घटते, पण पैसे भरलेला माणूस सहसा येतो.

लातूर: सुरुवातीलाच जीएसटी घ्यावा लागेल का?

सेवांसाठी महाराष्ट्रात वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत सक्ती नाही. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) मात्र लगेच करा. सरकारी संकेतस्थळावर ती मोफत आहे, दलालाला पैसे देऊ नका. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून लेखी करार असला तरी ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, उशीर झाला तर व्याजासह. बिलावर उद्यम क्रमांक छापा. मोठ्या कंपनीचा हिशेब विभाग तो बघतो.

ठाणे: अमेरिकेतल्या एका महाराष्ट्र मंडळाचं काम आलंय. वेळ कुठली ठेवावी?

आपले संध्याकाळचे साडेसात म्हणजे न्यूयॉर्कला उन्हाळ्यात सकाळचे १०, हिवाळ्यात ९. त्यांचं घड्याळ नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तासभर मागे जातं. मालिका ऑक्टोबरात सुरू होऊन डिसेंबरात संपणार असेल तर प्रत्येक पत्रिकेत दोन्हीकडच्या वेळा छापा, आणि वेळ कोणाच्या घड्याळाने पक्की धरायची ते मंडळाकडून आधीच लेखी घ्या.