छापखान्याचे कायदे आणि परक्या व्यापाऱ्यांचे नागरिकत्व

प्रश्न थोडक्यात असा: छापखान्यांच्या नाड्या आवळणारे कंपनी सरकार परक्या व्यापाऱ्यांना मात्र खुशाल आपली रयत करून घेत होते, हा विरोधाभास नाही का? ‘पैसेवाल्यांना सगळं माफ’ म्हणून कुणी विषय संपवतात. तेही खोटं नाही, पण त्याने 1823 चा कायदा का आला ते कळत नाही.

1818 मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जने मजकूर छापण्याआधी तपासायची पद्धत उठवली. त्यानंतर डोईजड संपादकावर चालवायला सरकारकडे मुख्य हत्यार उरलं ते हद्दपारीचं. युरोपियन माणूस इथे कंपनीच्या परवान्यावर राहायचा. परवाना रद्द केला की बोटीत बसवून रवाना. ‘कलकत्ता जर्नल’चा संपादक बकिंगहॅम 1823 मध्ये असाच गेला. पण त्याच्यामागे पत्राची सूत्रं सँडिसकडे आली आणि तो जन्माने इथलाच! त्याला पाठवणार कुठे? त्याच वर्षी हंगामी गव्हर्नर जनरल ॲडमने सरसकट सगळ्यांना छापण्यासाठी परवाना सक्तीचा केला. राममोहन रॉय यांनी निषेध म्हणून ‘मिरात-उल-अखबार’ हे आपलं फारसी पत्र बंद केलं. म्हणजे संपादक कुणाची प्रजा, हा मुद्दा छापखान्याच्या कायद्यात पहिल्यापासूनच होता.

मुंबईतही तेच घडलं. ‘बॉम्बे गॅझेट’चा संपादक फेअर याला 1824 मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या सरकारने हद्दपार केलं, कारण काय, तर कोर्टातल्या कामकाजाची बातमी चुकीची दिली. मात्र 1826 मध्ये परवान्याचा नियम नोंदवून घ्यायला मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने चक्क नकार दिला. त्यामुळे ‘दर्पण’ 1832 मध्ये निघालं तेव्हा मुंबई शहरात तो नियम लागू नव्हता. बाळशास्त्रींनी ॲडमच्या कायद्याशी झुंज देऊन पत्र काढलं, असं मधूनमधून वाचायला मिळतं, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

कंपनीच्या 1833 च्या सनदेने युरोपियनांना बऱ्याच भागात परवान्याशिवाय राहायची मुभा दिली आणि हद्दपारीचं हत्यार बोथट झालं. मग 1835 चा हंगामी गव्हर्नर जनरल मेटकाफचा कायदा आला, मसुदा मेकॉलेचा. परवाना गेला, त्याऐवजी मुद्रक-प्रकाशकाने मॅजिस्ट्रेटपुढे नाव-ठिकाण लिहून द्यायचं आणि छापील कागदावर ते छापायचं. काय हवं ते छापा, पण पकडायला गेलो तर घरी सापडा, एवढीच अट! 1867 च्या कायद्याने हीच पद्धत पुढे चालवली. वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टायपात ‘हे पत्र अमुक यांनी तमुक येथे छापून प्रसिद्ध केले’ असं असतं ना, ते तिथूनच आलेलं.

आता व्यापारी. परक्यांना ब्रिटिश प्रजाजन करून घेणाऱ्या 1852 च्या 30 व्या कायद्याची रीत याच वळणाची: अर्जात वय, जन्मठिकाण, धंदा, इथे किती वर्षं राहतो ते लिहायचं, सरकारने दाखला द्यायचा, मग राजनिष्ठेची शपथ. परक्याला जमीन घेता येत नव्हती म्हणून हा कायदा आला, असं काहीजण म्हणतात. कलकत्त्यापुरतं तरी ते पटत नाही. क्लॉड मार्टिन या फ्रेंच माणसाच्या मृत्युपत्राच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने (लंडनमधलं शेवटचं अपील कोर्ट) 1836 मध्येच ठरवलं होतं की परक्यांना जमीन नाकारणारा इंग्लंडचा कायदा कलकत्त्याला लागू नाही. मला जास्त वजनदार वाटतात ती दोन कारणं: ब्रिटिश नोंदणीच्या जहाजाचा मालक ब्रिटिश प्रजाजनच असावा लागे, आणि चीनच्या बंदरांत ब्रिटिश वकिलातीचं छत्र डोक्यावर असणं व्यापाऱ्याला फार सोयीचं होतं.

पुण्याचं ससून रुग्णालय ज्यांच्या देणगीतून उभं राहिलं ते डेव्हिड ससून मूळ बगदादचे. 1832 च्या सुमारास मुंबईत आले, चीनच्या व्यापारात (अफू धरून) गब्बर झाले आणि 1853 मध्ये ब्रिटिश प्रजाजन झाले. इंग्रजी येत नव्हतं, म्हणून सही हिब्रूत केली. सरकारने ती बिनतक्रार मान्य केली.