गठ्ठ्याचं रबर तिलाच सोडू द्या

प्रश्न : माझी दुसरीतली मुलगी ५२ − २७ = ३५ लिहिते. ‘हातचा घे’ सांगून थकले. काय करू?

उत्तर : ताई, २ मधून ७ जात नाहीत, म्हणून तिने ७ मधून २ काढले. वही मिटा. मी वर्गात खराट्याच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधायचे. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या देऊन तिच्याकडे सत्तावीस मागा. अडली की एका गठ्ठ्याचं रबर तिलाच सोडू द्या. आता चार गठ्ठे, बारा सुट्या! ‘हातचा’ हा शब्द त्यानंतर, आधी नकोच.

पुढे अपूर्णांक जेवताना. ताटात भाकरीचे तीन चतकोर, एक खाल्ला: ३/४ − १/४ = २/४. उरलेले जोडले की अर्धी भाकरी. छेदही वजा करू लागली, तर विचारा, चतकोर लहान झाला का?