पहिलीची शाळा निवडताना: इमारत नंतर, आधी बाई बघा

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा जूनला सहा पूर्ण होतोय, डॉक्टरांनी सौम्य स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, लिहून दिलीय. दहा-बारा शब्द बोलतो, ऐकलेलं वाक्य तसंच परत म्हणतो, शू लागली की हात ओढून नेतो. दोन वर्षं ज्या इंग्रजी शाळेच्या बालवाडीत होता, त्यांनी 'पुढे दुसरीकडे बघा' म्हणून हात वर केले. आता समोर तीन वाटा: गावातली झेडपीची शाळा, चौथीपर्यंतचा पट, म्हणजे एकूण मुलं, 22 आणि दोन शिक्षक, सहा किलोमीटरवरची नगरपरिषदेची मोठी शाळा, रॅम्पबिम्प सगळं असलेली, आणि 19 किलोमीटरवरची विशेष शाळा, तिची व्हॅन गावात येते. वहिनींचा कल विशेष शाळेकडे, तुमचा नगरपरिषदेकडे. झेडपीचा उल्लेख तुम्ही 'ती आहेच' एवढाच केलाय.

मी त्या 'ती आहेच'बद्दलच जास्त लिहिणार आहे. माझा मुलगाही स्वमग्न. 2017 च्या जूनला गावच्या झेडपी शाळेत पहिलीला घातला, तेव्हा घरात कुणी माझ्याशी धड बोलत नव्हतं. सासऱ्यांचं म्हणणं, एवढं करून शेवटी झेडपीच का? आता तो नववीला हायस्कूलमध्ये आहे. फार हुशार निघाला वगैरे गोष्ट नाही. गणित पाचवीच्या आसपास आहे, वाचतो बरं, एसटीने एकटा जातो-येतो.

आधी कायद्याचं उरकते, कारण तुम्ही 'घेतील का' असं विचारलंय. घ्यावंच लागतं. शिक्षणहक्क कायद्याखाली 6 ते 14 वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत प्रवेश आहे, आणि पहिलीच्या प्रवेशासाठी मुलाची किंवा आईबापाची चाचणी-मुलाखत घ्यायला बंदी आहे. घेतली तर पहिल्या वेळी 25,000 रुपयांपर्यंत दंड आहे. वर 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचा दाखला असला तर 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षण, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत. कुठल्या, ते आपण ठरवायचं. म्हणजे वहिनींचा पर्यायही कायद्यात बसतो आणि तुमचाही. तोंडी कुणी 'आमच्याकडे सोय नाही' म्हणालं तर वाद घालू नका. अर्ज द्या, पोच घ्या आणि नकार लेखी मागा. नव्वद टक्के नकार तिथेच विरघळतात.

पण 'घेतात' आणि 'सांभाळतात' यात फार अंतर आहे, दादा. ते अंतर वर्गात जाऊन बसल्याशिवाय कळत नाही.

म्हणून तिन्ही शाळांत एक-एक पूर्ण सकाळ काढा. मुलाला पहिल्या फेरीला नेऊ नका. नेलंत की सगळे त्याच्याकडे बघतात आणि तुम्हाला शाळा दिसत नाही. स्नेहसंमेलन, 26 जानेवारी, प्रवेशोत्सव असल्या दिवशी जाऊ नका, साधा मंगळवार-बुधवार बघा. आणि परिपाठाच्या आधी पोहोचा. आपल्या मुलांचा दिवस बहुतेक वेळा परिपाठातच बिघडतो. रांगा, स्पीकर, एकदम दोनशे गळ्यांची प्रार्थना, कधी ढोल. 22 पोरांचा परिपाठ व्हरांड्यात होतो. नगरपरिषदेच्या शाळेत मैदानावर माईक लावून होतो. तुमचा मुलगा कुकरच्या शिट्टीला कान झाकतो असं लिहिलंयत, तर हा फरक रॅम्पपेक्षा मोठा आहे.

वर्गात बसलात की पहिल्या बाकाकडे बघू नका. सगळ्यात मागे पडलेलं पोर शोधा. प्रत्येक वर्गात एक असतंच, पाटी कोरी ठेवून खिडकीबाहेर बघणारं. तासाभरात बाई त्याच्यापर्यंत किती वेळा जातात, गेल्यावर काय बोलतात, तेवढं मोजा. मी तीन शाळा पाहिल्या होत्या. एकीत मुख्याध्यापकांनी मला केबिनमध्ये चहा पाजून तासभर 'आमची शाळा डिजिटल' सांगितलं, वर्गात नेलंच नाही. दुसरीत चांगलं होतं, पण एका पोराने दुसऱ्याला 'ए येड्या' म्हटलं आणि सर हसले. तिसरी आमच्या गावची. भिंतीचा रंग उडालेला, एका खोलीत पहिली-दुसरी एकत्र. बाई खाली बसून चिंचोक्यांनी बेरीज घेत होत्या. एक मुलगी काहीच करत नव्हती. बाईंनी तिच्या हातात चिंचोके वाटायचं काम दिलं, बस. पुन्हा पुन्हा ती उठत होती, वाटत होती आणि मोजतही होती. मी तिथेच ठरवलं.

पुढची गोष्ट या बाईंचीच. आमच्याकडे घंटा म्हणजे टांगलेला लोखंडी तुकडा. तो वाजला की माझा मुलगा किंचाळायचा आणि गेटकडे पळायचा. पहिला महिना मी शाळेच्या पायरीवर बसून काढला. मग बाईंनी एक दिवस हातोडी त्याच्याच हातात दिली. आवाज कधी येणार हे आता त्याला माहीत होतं, कारण तोच करत होता. किंचाळणं थांबलं. त्याऐवजी दुसऱ्या कुणी घंटा वाजवली की भांडणं सुरू झाली, तो वेगळा अध्याय. पण हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवलेलं नव्हतं. बाईंनी महिनाभर पोराकडे नीट बघितलं होतं, एवढंच.

आणि आता झेडपीची कडू बाजू. 2018 च्या ऑनलाइन बदल्यांत बाई गेल्या. दुसरीला आलेले सर वाईट नव्हते, पण त्यांच्याकडे शाळेची सगळी ऑनलाइन माहिती भरायचं काम होतं आणि माझा मुलगा वर्षभर वाळूत खेळत बसला. घंटा बंद, चिंचोके बंद. मी काही लिहून ठेवलं नव्हतं, बाईंनीही नाही. जे काय होतं ते त्यांच्या डोक्यात होतं आणि डोकं बदलून गेलं. म्हणून झेडपीत गेलात की लाज न बाळगता विचारा, 'बाई, इथे किती वर्षं झाली? बदलीला पात्र कधी होताय?' राग येत नाही त्यांना, त्या स्वतःच दिवस मोजत असतात. आणि पहिल्या दिवसापासून दोनशे पानी वही ठेवा. कशाने बिथरतो, कशाने शांत होतो, शू कशी सांगतो, कुठल्या शब्दावर ऐकतो. नवीन शिक्षक आले की ती वही हातात द्यायची. विशेष शिक्षक 'वैयक्तिक शैक्षणिक आराखडा' करतात, तो घ्याच. पण बऱ्याच आराखड्यांत सगळ्या पोरांना एकच मजकूर असतो. 'संवाद कौशल्य वाढवणे' असं लिहिलं असेल तर पुसायला सांगा. 'दिवाळीपर्यंत पाणी हवं तर चित्रावर बोट ठेवेल' असं लिहून घ्या.

विशेष शिक्षकांवरून आठवलं. तालुक्याच्या गट साधन केंद्रात समग्र शिक्षा या सरकारी योजनेखालचे विशेष शिक्षक असतात, ते शाळांना भेटी देतात. आठवड्यातून एकदा आले तर नशीब समजा, कारण एकेकाकडे कितीतरी गावं असतात. सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या निकालानंतर प्राथमिकला दहा विशेष मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण ठरलं, पण कागदावरून वर्गापर्यंत यायला ते अजून चालतंच आहे. शाळेत जायच्या आधी गट साधन केंद्रात जाऊन या विशेष शिक्षकांना भेटा. तालुक्यातल्या कुठल्या वर्गात कोण बाई कशा आहेत, हे त्यांच्याएवढं कुणालाच माहीत नसतं. उघडपणे बोलणार नाहीत, पण 'तुमचा मुलगा असता तर कुठे घातला असता?' असं विचारलंत की बोलतात.

कागदांबद्दल थोडक्यात. दाखला नाही म्हणून प्रवेश अडत नाही, पण सवलती अडतात. केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर युडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, अर्ज भरा, सिव्हिलला तपासणीची तारीख मिळते. आमच्या वेळी फार वणवण झाली, कारण तो 2016 चा नवा कायदा 2017 च्या एप्रिलला नुकता लागू झालेला. जुन्या 1995 च्या कायद्याच्या सात प्रकारांत स्वमग्नता नव्हतीच. आता 21 प्रकार आहेत, तिचं नाव त्यात आहे. लहान वयात दाखला तात्पुरता देतात, घाबरू नका, पुन्हा तपासणी होते. मग शाळा सरकारला ऑनलाइन भरून देते त्या यूडायस माहितीत त्याच्या नावापुढे दिव्यांगत्वाची नोंद झाली का, हे स्वतः स्क्रीनवर बघा. तिथे रकाना कोरा राहिला की मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता, साहित्यासाठीचं मोजमाप शिबिर, सगळं हुकतं. आमचं एक वर्ष असंच गेलं, कुणी मुद्दाम नव्हतं केलं.

विशेष शाळेबद्दल वहिनींना चूक ठरवू नका. काही मुलांना तीच बरोबर. ऐकू न येणाऱ्या मुलाला खुणांची भाषा बोलणारे सवंगडी तिथेच मिळतात, गावच्या शाळेत तो वर्षानुवर्षं एकटा बसतो. ज्या मुलाला रोज थेरपी लागते किंवा सतत एक माणूस लागतो, त्याचंही तसंच. पण तुमचा मुलगा शू सांगतो, हाताला धरलं की बसतो, शब्द उचलतो. ऐकलेलं परत म्हणणारं पोर आहे ते, त्याच्या कानावर बोलणारी पोरं पडायला हवीत. आणि 19 किलोमीटर म्हणजे व्हॅन गावागावांतून फिरत दीड तास, येऊन-जाऊन तीन. त्या तीन तासांत तो थकणार किंवा बिथरणार. तरीही बघायला जाणार असाल तर शाळेची नोंदणी चालू आहे का आणि शिक्षक भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेले आहेत का, एवढं विचारा. विशेष शाळा आता दिव्यांग कल्याण विभागाकडे असतात, आपल्या नेहमीच्या शाळा शालेय शिक्षण विभागाकडे. त्यामुळे तक्रारीचं दारही वेगळं, गटशिक्षणाधिकारी तिथे 'माझ्याकडे नाही' म्हणतात, आणि ते खरं असतं.

एक सावधगिरी. कुणी गोड बोलून 'गृहाधारित शिक्षण', म्हणजे शाळेऐवजी घरीच शिकवणं, सुचवलं तर लगेच हो म्हणू नका. ती सोय तीव्र आणि बहुविध दिव्यांग मुलांसाठी आहे, खाटेवरून हलता न येणाऱ्या पोरांसाठी ती मोलाची आहे. चालत्या-पळत्या मुलाला ती देऊ केली की समजा, हजेरीवर नाव हवंय आणि वर्गात पोर नकोय.

नगरपरिषदेच्या शाळेचा रॅम्प मात्र जाऊन बघा. आमच्या तालुक्यातल्या एका शाळेचा रॅम्प इतका उभा आहे की त्यावरून गुरुजींची मोटरसायकल चढते, व्हीलचेअर नाही. दिव्यांगांचं स्वच्छतागृह असतं आणि त्याला कुलूप असतं, किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात. तुमच्या मुलाला रॅम्प लागत नाही, पण कुलूप लागलेलं स्वच्छतागृह हे शाळेचं चारित्र्य सांगतं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे कंपाउंड. आपली मुलं पळतात आणि पाण्याकडे पळतात. तुमच्या गावात कॅनॉल आहे असं लिहिलंय. शाळेच्या गेटापासून कॅनॉल किती पावलं, विहिरीवर जाळी आहे का, मधल्या सुट्टीत गेट कोण लावतं, हे स्वतः चालून बघा. झेडपीची शाळा कितीही आवडली आणि भिंत पडकी असली, तर आधी शाळा व्यवस्थापन समितीत विषय काढा. त्या समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात, तुम्हीही होऊ शकता. आमच्याकडे भिंतीचं खिंडार ग्रामपंचायतीने बुजवलं, पण ते मी सरपंचांच्या दारात तीन खेपा घातल्यावर.

खिचडीचं राहिलं. माझ्या पोराला मऊ काही तोंडात घालवत नाही, पोषण आहाराच्या तासाला ओकायचा. डबा चालतो, बाईंना आधी सांगून ठेवा, म्हणजे 'लाडावलंय' असं नाव पडत नाही.

पट 22 म्हणजे काठावरची शाळा आहे, हे मात्र मनात धरा. 20 च्या खालच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायची चर्चा 2023 पासून अधूनमधून डोकं वर काढते. पुढच्या वर्षी पहिलीला किती पोरं येणार, हे अंगणवाडीच्या ताईंना विचारा, त्यांच्या वहीत नावानिशी असतं. पाच-सहा येत असतील आणि पहिलीच्या बाईंची बदली दोन-तीन वर्षं लांब असेल, तर मी झेडपीच धरीन. बाई बघून मन बसलं नाही तर नगरपरिषदेची, पण तिथे ज्या तुकडीत घालणार त्या तुकडीचे शिक्षक आधी भेटून.

मार्चच्या आत जाऊन या, एप्रिलमध्ये परीक्षांनी वर्ग वर्गासारखे दिसत नाहीत. आणि जून उजाडायच्या आधी मे महिन्यात, शाळा रिकामी असताना, मुलाला रोज संध्याकाळी त्या पटांगणात खेळायला न्या. पाण्याची टाकी, व्हरांडा, स्वच्छतागृहाचं दार, चपला कुठे काढायच्या ते दाखवा. माझा मुलगा आधी पायऱ्या मोजायला शिकला, सात होत्या. पहिल्या दिवशी गर्दीत रडत रडत का होईना, पण त्या सात मोजतच वर चढला.