वडिलांच्या दारूमुळे लहानपण भीतीत गेलं, त्याचा परिणाम तिशीतही जात नाही. यातून बाहेर कसं यायचं?

प्रश्नाखाली तुम्ही दिलेले तपशील थोडक्यात असे: वय ३१, नोकरी चांगली. वडील पूर्वी पिऊन येऊन आईला मारायचे, आता थेंबही घेत नाहीत. तरी ऑफिसात साहेबांचा आवाज चढला की तुमचे हातपाय गार पडतात आणि कुणाशी वाजलं की रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. ‘मला तर त्यांनी कधी बोटही लावलं नाही, मग मलाच हे का?’ असं विचारलंत. शिवाय लग्न ठरलंय, तर होणाऱ्या बायकोला सांगावं का, हेही.

मी यातली तज्ज्ञ वगैरे नाही. सहकारी बँकेत कर्जविभागात आहे. पण असल्याच घरातून आलेय आणि पुढे बराच काळ उपचारही घेतलेत, तेवढ्या हक्कानं लिहिते.

‘बोटही लावलं नाही’ इथूनच सुरुवात करू, कारण आपल्यातली बरीच माणसं इथेच अडकतात. १९९०च्या दशकात अमेरिकेत सॅन डिएगोला व्हिन्सेंट फेलिट्टी आणि रॉबर्ट आंडा या डॉक्टरांनी १७,०००हून जास्त प्रौढांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारलं. १९९८पासून त्याचे निष्कर्ष छापून यायला लागले. प्रश्न साधे होते: मार खाल्ला का, लैंगिक अत्याचार झाला का, घरात कुणी व्यसनी होतं का, कुणी तुरुंगात गेलं होतं का. त्या यादीत आईला होणारी मारहाण हा स्वतंत्र मुद्दा होता. पोराला स्वतःला फटका बसला की नाही, हे त्यासाठी विचारलंच जात नव्हतं. म्हणजे तुमच्या घरातल्या निदान दोन गोष्टी त्या यादीत सरळ बसतात. असे चार किंवा जास्त अनुभव असलेल्यांमध्ये पुढे नैराश्य, व्यसन, हृदयविकार यांचं प्रमाण बरंच जास्त निघालं. (आता लगेच मोबाइलवर स्वतःचा ‘स्कोअर’ काढत बसू नका. एकेका माणसाचं पुढे काय होईल हे त्या आकड्यावरून ठरवू नये, असं खुद्द आंडांनीच २०२० साली लिहिलंय. ती काही कुंडली नव्हे.)

आमचं घर साखर कारखान्याच्या कॉलनीत. वडील वर्कशॉपला फिटर. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की मी अंथरुणात कान टवकारून पडायचे. स्कूटर मेन स्टँडवर एका झटक्यात चढली तर वडील शुद्धीत. दोन-तीनदा खडखड झाली, की मी उठायचे, धाकट्या भावाला मागच्या खोलीत नेऊन झोपवायचे, ओट्यावरची पातेली फडताळात सारायचे आणि विळी तांदळाच्या पोत्यामागे ठेवायचे. आठ-नऊ वर्षांची असेन. या सगळ्यात मला भीती वाटायची नाही, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. डोकं एकदम थंड असायचं. भीती आली ती लग्नानंतर. एका संध्याकाळी फ्लॅटची किल्ली नीट लागेना म्हणून नवरा दाराशी खडखड करत होता. तो बिचारा भाजीच्या पिशव्या घेऊन उभा, आणि मी आत ड्रॉवरमध्ये सुरी लपवत होते. हात थरथरत होते.

त्यानंतर मी सायकॉलॉजिस्टकडे गेले. आमच्या बाईंनी समजावलं ते असं: धोक्याची चाहूल लागली की मेंदूतला अमिग्डाला नावाचा भाग शरीराला आधी उठवतो, विचार मागून येतो. अ‍ॅड्रेनलिन सुटतं, छाती धडधडते, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं, म्हणून हातपाय गार पडतात. लढायचं किंवा पळायचं, यासाठीची ही तयारी. लहान पोरानं लढायचं कुणाशी आणि पळायचं कुठे? मग ते थिजतं. वर्षानुवर्षं हेच होत राहिलं की चढलेला आवाज, खडखड, दारूचा वास एवढ्यावरच शरीर कामाला लागतं. ‘सर, उद्यापर्यंत करून देतो’ हे वाक्य तुम्हाला येतं, फक्त सुचायला मिनिटभर लागतं, आणि तोवर शरीर पुढे गेलेलं असतं. म्हणून ‘एवढ्याशानं काय घाबरायचं’ असं स्वतःला दटावून काडीचा उपयोग होत नाही. त्या मिनिटापुरता उपाय लागतो. मी टेबलाखाली चप्पल काढून तळवे फरशीवर दाबते, श्वास आत घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावते आणि समोरचं कॅलेंडर मनात वाचते: वार, तारीख, तिथी, खालची जाहिरातसुद्धा. भीती जात नाही. मिनिट निघतं, आणि तेवढं पुरतं.

आता नातेवाईक. ‘झालं गेलं गंगेला मिळालं’, ‘काही झालं तरी वडील आहेत’, ‘पोटाला चिमटा काढून शिकवलं ना तुम्हाला?’ गंमत म्हणजे यातलं शेवटचं खरंच असतं. माझ्या कॉलेजची फी वडिलांनीच भरली, कधी उशीर केला नाही. माफ केल्याशिवाय मन मोकळं होत नाही असंही ऐकवतात. मला हे पटत नाही. माफी हा उपचाराचा भाग नव्हे, आली तर आली. वडिलांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी रजा काढून गेले होते. दिवसातून चार वेळा डोळ्यात थेंब घालायचे. त्यांनी चाचपडत माझा हात धरला की माया वाटायची, आणि दुसऱ्या क्षणाला त्याच हाताची शिसारी यायची. यातली एक भावना खरी आणि दुसरी खोटी असं ठरवायची घाई मी आता करत नाही.

पण उपचारांत सगळ्यात जास्त राग बाहेर पडला तो आईवरचा. याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मार खाणाऱ्या बाईवर राग धरायचा म्हणजे मला पाप वाटायचं. पण सकाळी उठून ती काय करायची? गालावर पावडर थापायची, चहा टाकायची आणि माझ्या हातात कप देऊन म्हणायची, ‘बाबांना नेऊन दे. आणि नीट बोल हं, रात्रीचं काढू नकोस.’ मग दिवसभर सगळे असे वागायचे, जणू रात्री काही झालंच नाही. बाईंनी एकदा विचारलं, मारहाण सोडून कशाचा जास्त त्रास झाला? माझ्या तोंडून पटकन निघालं, त्या चहाचा. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं खरं मानायचं नाही, आणि ज्याचं चुकलं त्याचीच मर्जी राखायची, हे मी त्या कपाबरोबर शिकले. ऑफिसात कुणी माझा अपमान केला तर त्याच दिवशी त्याचं काम आधी करून द्यायची माझी खोड तिथली. आईला माहेरी परतायची सोय नव्हती, हातात पैसा नव्हता. घरगुती हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा २००५चा, तोवर आमचं बालपण उरकलं होतं. तिनं तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसला, हे मला समजतं. समजलं म्हणून राग गेला असं मात्र झालं नाही. तो निवला, तोही मी तिच्यासमोर एकदा स्पष्ट बोलल्यावर. ती रडली, मग म्हणाली, ‘तुला आठवतं होय?’ तिला वाटत होतं आम्ही झोपलेलो असायचो.

तुमच्या प्रश्नात आईचा उल्लेख फक्त मार खाण्यापुरता आलाय, म्हणून हे सांगितलं. बघा काही जुळतंय का.

मदत कुठे शोधायची? सायकियाट्रिस्ट औषधं देतात. झोप पार उडाली असेल किंवा नैराश्य असेल तर त्यांच्याकडे जायला लाजू नका. बोलून होणाऱ्या उपचारांसाठी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, आणि त्यांच्याकडे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची नोंदणी आहे का हे बेलाशक विचारा. अशा आघातांवर अनुभव आहे का, हेही. पहिल्याच भेटीत सगळं ओकायला लावणारं कुणी भेटलं तर दुसरं दार बघा. चांगला माणूस आधी तुमची झोप, दिनक्रम, सावरायच्या युक्त्या यांवर काम करतो आणि आठवणींना मग हात घालतो. आघातावर केंद्रित सीबीटी (विचारांची आणि वागण्याची सवय बदलायला शिकवणारा उपचार) आणि ईएमडीआर या दोन पद्धतींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ साली केली आहे. ईएमडीआरमध्ये आठवण मनात धरून डोळे डावी-उजवीकडे फिरवायचे असतात. मला तो आधी जादूटोण्याचाच प्रकार वाटला होता. वर्षानुवर्षं चाललेल्या आघातातून भावना न आवरणं, स्वतःबद्दल कमीपणा वाटणं, नात्यांत अवघडणं असं सगळं मिळून जे होतं, त्याला आयसीडी-११ या आजारांच्या जागतिक यादीत स्वतंत्र निदान आहे, कॉम्प्लेक्स पीटीएसडी (आघातानंतर मागे राहणाऱ्या तणावाच्या आजाराचा गुंतागुंतीचा प्रकार). यादी १ जानेवारी २०२२पासून लागू झाली. ते तुम्हाला आहे असं मी म्हणत नाही, ते ठरवणं तज्ज्ञांचं काम.

खाजगी फी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाचा केस पेपर काढा. टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. रात्री जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं तर सकाळची वाट न पाहता तिथे फोन लावा. वडील व्यसनी होते म्हणून आणखी एक: अल-अनॉनच्या सभा व्यसनी माणसाच्या घरच्यांसाठी असतात, मोठ्या झालेल्या मुलांसाठीही. पिणारा सुटला की घरही आपोआप सुटतं अशी आपल्याकडे समजूत आहे. तसं होत नाही.

बरं होतं का, हा तुमच्या प्रश्नाआडचा प्रश्न. हवाई बेटांपैकी कवाईवर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळीस वर्षं माग ठेवला. गरिबी, घरातली भांडणं, पालकांचं व्यसन असं सगळं वाट्याला आलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश तरीही धडधाकट, कर्तबगार निघाली. त्यांच्या आयुष्यात बहुधा एखादं तरी मोठं माणूस भरवशाचं होतं. आणि किशोरवयात भरकटलेल्यांपैकी बरेच जण तिशी-चाळिशीत सावरले. आमच्या शेजारच्या काकूंनी मला कधी काही विचारलं नाही. आमच्याकडे आवाज सुरू झाले की त्या मागच्या दाराची कडी काढून ते नुसतं लोटून ठेवायच्या. मी भावाला घेऊन तिथून आत जायचे.

लग्नाचं. सांगा, आणि लग्नाआधी सांगा. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ असं घरचे म्हणतील, पण ती मुलगी त्या घरात राहायला येणार आहे, सासरे कसे होते हे कळणं तिचा हक्क आहे. ती विचार करायला वेळ मागेल, कदाचित नकोही म्हणेल. सगळा पाढा वाचायची गरज नाही. वडील काय करायचे हे दोन वाक्यांत, आणि तुमचं आज काय होतं हे नीट: ‘आवाज चढला की मी गप्प होतो. तेव्हा मी रुसलेला नसतो. थोडा वेळ दे, मी परत येऊन बोलतो.’ आणि परत येऊन खरोखर बोला, नाहीतर तिच्यासाठी ते गप्प राहणं शिक्षाच होईल. तुम्ही स्वतः पिता की नाही, हेही त्याच बैठकीत निघू द्या.

त्याआधी आईला कल्पना द्या की तुम्ही हे सांगणार आहात. उद्या सुनेच्या तोंडून तिला कळायला नको. ‘कशाला ते आता’ असं ती म्हणेलच. तरी सांगा.